कऱ्हाडच्या पुढे मागची सीट गप्प का होते?

पत्र : ताई, मी पुण्यात धायरीत राहतो, वय ४३, उंची पाच फूट पाच इंच. गाव सावंतवाडीजवळ. २०१२ पासून पल्सर २२० चालवतोय. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात बायकोला मागे बसवून गावी जातो. निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली हा आमचा रस्ता. गाडीवर जीव आहे, पण ती आता थकलीय आणि मीही. पूर्वी घरी पोचल्या पोचल्या ओढ्यावर पोहायला पळायचो, आता तासभर ओटीवर आडवा होतो. नवी स्पोर्ट-टूरर, म्हणजे लांब पल्ल्याला आरामशीर आणि वळणात चपळ अशी गाडी, घ्यायचं मनात आहे. एक मित्र म्हणतो, 'फुल फेअरिंगची, म्हणजे पुढून-बाजूने वारा अडवणारं प्लास्टिकचं कवच असलेली घे.' दुसरा म्हणतो, 'आपले रस्ते बघ, खडबडीत वाटेवर चालणारी उंच ॲडव्हेंचरच घे.' बायको काहीच म्हणत नाही, ती तशी कऱ्हाडच्या पुढे गप्पच होते. साडेतीन लाखांपर्यंत झेपेल. आदर्श स्पोर्ट-टूरर म्हणजे नेमकी कशी, आणि मी कुठली घ्यावी?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीसाठी, दुसऱ्यांदा 'कऱ्हाडच्या पुढे गप्पच होते' या वाक्यासाठी. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. धायरीहून कऱ्हाड दीडशे किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यात वहिनींचं माकडहाड आणि कंबर बोलायला लागलेली असते, म्हणून त्या गप्प होतात. उरलेला रस्ता त्या बघत नसतात, मोजत असतात. मी स्वतः सात-आठ वर्षं मागच्या सीटवर बसून फिरलेय आणि त्यानंतर वीस वर्षं पुढच्या. म्हणून सांगते, मागचा माणूस तक्रार करत नाही. पुढच्याचा उत्साह मोडायला नको म्हणून तो गप्प बसतो.

तेव्हा आदर्श स्पोर्ट-टूररची माझी कसोटी एकच आहे. आंबोलीचा घाट सुरू होतो तिथे, म्हणजे साडेतीनशे किलोमीटर झाल्यावर, तुम्हा दोघांनाही 'आता खरी मजा' असं वाटलं पाहिजे. 'आता हे एकदाचं संपू दे' वाटलं, तर गाडी कितीही पळो, ती टूरर नव्हे. आणि घाटात तिच्यावर भरवसा वाटला नाही, तर ती स्पोर्ट नव्हे.

या जातीच्या गाड्यांचा इतिहासही हेच सांगतो. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस आणली. तिचं अख्खं फेअरिंग इटलीत पिनिनफरिनाच्या विंड टनेलमध्ये वाऱ्यासमोर ठेवून घडवलं होतं. तिच्यापेक्षा जोरात पळणाऱ्या गाड्या तेव्हाही होत्या, पण दिवसभर पळवून संध्याकाळी माणूस ताठ उतरेल अशा गाड्या फार नव्हत्या. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं ते त्यासाठी. त्यानंतरची कावासाकीची निंजा १००० एसएक्स घ्या किंवा यामाहाची एफजेआर, चाहते हौसेने बोलतात ते वारा, सीट, सामान आणि वळणातला विश्वास याच चार गोष्टींबद्दल. तुमचं बजेट या गाड्यांचं नाही आणि तुमच्या रस्त्याला त्यांची गरजही नाही. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ८० ची वेगमर्यादा आहे, हे आधी मनाशी पक्कं करा. १६० ला गाडी कशी पळते हा प्रश्न आपल्याला पडायलाच नको.

आता वाऱ्याकडे येते, कारण तुमच्या ओटीवरच्या आडवं होण्यात त्याचा वाटा मोठा आहे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात की तो पावणेदोन पट होतो. तुमच्या पल्सरचं अर्धं फेअरिंग पोटाला आडोसा देतं, पण छाती आणि हेल्मेट उघड्यावर राहतं. चार-पाच तास मान त्या रेट्याशी झुंजत असते. यावर उपाय म्हणून लोक गाडीला पुढे उंच व्हायझर, म्हणजे वारा अडवणारी काच बसवतात. मीही बसवला होता, नाना पेठेतून हौसेने आणून. ८० ला माझं डोकं भोवऱ्यासारखं हलायला लागलं, समोरच्या ट्रकचा नंबर वाचता येईना. चूक दुकानाची नव्हती, माझ्या उंचीचा हिशेब मी केला नव्हता. काचेच्या वरच्या कडेवरून उसळलेली घुसळणारी हवा बरोबर हेल्मेटवर आदळत होती. त्यापेक्षा सरळ येणारा वारा परवडतो.

हे तपासायची युक्ती सोपी आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर ६०-७० च्या वेगाने जाताना डोकं दोन बोटं खाली घ्या. हेलकावे थांबले, तर काच तेवढी कमी पडतेय. उलट पाठ ताणून थोडं उंच बसल्यावर थांबले, तर काच तुमच्यासाठी उंच आहे. पाच फूट पाच इंचाच्या माणसाला पुष्कळदा कमी उंचीची काचच बरी पडते. म्हणून 'फुल फेअरिंग' या शब्दावर भाळू नका. फेअरिंगचं बरंचसं प्लास्टिक पायांच्या आणि इंजिनाच्या बाजूने असतं, तुमचं भांडण मात्र मानेशी आणि खांद्यांशी आहे.

तुमच्या पहिल्या मित्राच्या सल्ल्यातली दुसरी अडचण हँडलची. हँडल, सीट आणि फुटरेस्ट या तीन बिंदूंत तुमचं शरीर अडकलेलं असतं. हँडल खाली असलं की वजन मनगटांवर येतं. स्वतःवर लक्ष ठेवून बघा : शिरवळच्या पुढे तुमचा डावा हात क्लच सोडून सारखा मांडीवर जातो का? जात असेल तर हँडल तुमच्यासाठी खाली आहे. पंचविशीत हे कळत नाही, त्रेचाळिशीत मनगट सांगतं.

आणि मागच्या सीटचाही असाच त्रिकोण असतो, ज्याचं नाव ब्रोशरमध्ये कुणी काढत नाही. दिसायला तडफदार गाड्यांची मागची सीट उंच, अरुंद आणि पुढे उतरती असते, फुटरेस्ट वर चढवलेले असतात. गुडघे छातीकडे येतात, मांड्यांना आधार राहत नाही, सगळं वजन माकडहाडावर. त्यात सीट उतरती म्हणून प्रत्येक ब्रेकला वहिनी पुढे घसरतात, त्यांचा भार तुमच्या पाठीवर आणि तिथून तुमच्या मनगटांवर येतो. म्हणजे मागची सीट वाईट असली की पुढचाही थकतो. धरायला पाठीमागे दांडी असेल तर हात मागे वळवून किती वेळ धरणार? दोन्ही बाजूंना, मांडीलगत धरता येईल असं हँडल हवं. आणि कमरेच्या मागे टेकायला काहीतरी हवंच. हे टेकण नसल्यामुळे मागचा माणूस पोटाचे स्नायू आवळून बसतो, तेही तासन् तास.

शॉकअपबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं, कारण याला एक पैसाही लागत नाही. तुमच्या पल्सरच्या मागच्या शॉकअपना पाच खाचांचं ॲडजस्टमेंट आहे. इतक्या वर्षांत ते किती वेळा फिरवलंत? माझा अंदाज आहे, एकदाही नाही. शोरूममधून आली तीच खाच. एकट्याने शहरात फिरताना ती ठीक असेल. मागे वहिनी आणि दोन बॅगा आल्या की गाडीचा मागचा भाग बसतो आणि पुढचा उचलला जातो. मग तीन गोष्टी होतात. हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरचे डिपर मारत राहतात. खड्ड्यात शॉकअप तळाला लागतो, तो दणका थेट वहिनींच्या मणक्याला. आणि वळणात गाडी आत वळायच्या ऐवजी बाहेर सरकते. आंबोलीत तुम्हाला 'आता गाडी पूर्वीसारखी वळत नाही' असं वाटत असेल, तर वयाला दोष देण्याआधी खाच बघा. दोघं आणि सामान असेल तर चौथी लावा, परत आल्यावर पुन्हा खाली आणा. हे या आठवड्यातच करून बघा. नव्या गाडीत काय शोधायचं, ते तुमच्या जुन्या गाडीनेच कळेल.

नवी गाडी बघताना मॅन्युअलमधला एक आकडा मागा : गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. उरतं तेवढंच तिच्या पाठीवर लादता येतं. तुम्ही दोघं, हेल्मेटं, जाकिटं, बूट आणि सामान यांची प्रामाणिक बेरीज करा. ती सहज दीडशे किलोच्या पुढे जाते. मग पुष्कळ देखण्या गाड्या आपोआप यादीतून गळतात.

सामानाचं एक अनुभवातून सांगते. काही वर्षांपूर्वी रत्नागिरीहून आंबा घाटाने परत येत होते. मावशीने निघताना नारळ दिले, बारा, सोललेले. ते मी टॉपबॉक्समध्ये भरले, वरून आगळाच्या बाटल्या. साखरप्याच्या पुढे चढ लागल्यावर हँडल हातात आहे की नाही कळेना. पुढचं चाक जमिनीला नुसतं टेकल्यासारखं, वळणात हलकं हलकं. कारण साधं होतं. टॉपबॉक्स मागच्या चाकाच्याही मागे आणि उंचावर असतो, तिथलं वजन मागच्या चाकावरून पुढचं चाक उचलायला बघतं. रस्त्याकडेला थांबून सगळे नारळ दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅगांत खाली घातले, टॉपबॉक्समध्ये रेनकोट आणि टॉवेल ठेवले. गाडी परत माझी झाली. तेव्हा बॅगा लावायला कंपनीची पक्की सोय आहे का, बॅग सायलेन्सरला किंवा इंडिकेटरला घासत नाही ना, हे बघून घ्या. मे महिन्यात तुम्ही फणस आणत असाल तर तो पोत्यात घालून एसटीने पाठवा, गाडीवर नको.

इंजिनाबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलतात, मी कमी बोलणार आहे. दोन गोष्टी पुरेत. एक म्हणजे आंबोलीच्या चढावर दोघं बसलेले असताना, पुढे लाल एसटी धूर सोडत चाललीय आणि समोर जेमतेम मोकळा तुकडा दिसतोय, तेव्हा गिअर न बदलता गाडीने उचल घेतली पाहिजे. यासाठी खालच्या आरपीएमचा टॉर्क, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाही चाक ओढायचा जोर लागतो, कमाल वेग नाही. दुसरी गोष्ट झिणझिण्या. एका सिलिंडरच्या प्रत्येक गाडीला एखाद्या ठरावीक आरपीएमला फुटरेस्ट, हँडल किंवा टाकीत झिणझिण्या येतात. त्या येणारच, पण ८० ला टॉप गिअरमध्ये येता कामा नयेत, कारण कोल्हापूरपर्यंत तुम्ही त्याच वेगात असणार आहात. टेस्ट राइडला हा वेग धरून निदान पाच मिनिटं चालवा आणि उतरल्यावर तळहात बघा.

टाकीची फार चिंता नको. ॲव्हरेज २७-२८ धरलं तरी १३ लिटरमध्ये साडेतीनशे किलोमीटर होतात आणि या महामार्गावर पंपांना तोटा नाही. त्याच्या कितीतरी आधी वहिनींना थांबावं लागतं. स्वच्छ टॉयलेट असलेल्या जागा ठरवून सव्वा ते दीड तासाला थांबाच. कित्येक बायका वाटेत सोय नसते म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि कऱ्हाडच्या पुढे गप्प व्हायचं तेही एक कारण असतं. हे त्या तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतेय.

जुनी गाडी बदलाच असं मी ज्या कारणासाठी म्हणेन ते एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं झालं, तुमच्या २०१२ च्या गाडीला ते नाही. आणि तुम्ही जाता कधी? भाद्रपदात. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. धुकं, शेवाळलेली कड, वळणावर सांडलेलं डिझेल, अचानक समोर आलेली गाय, आणि मागे बायको. यात चाक लॉक होऊन चालत नाही. नवीन घेताना एबीएस दोन्ही चाकांना आहे याची खात्री करा. काही गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते शोरूममध्येच वाचून घ्या, नव्या गाडीवर जुने टायर नकोत.

आता तुमच्या दुसऱ्या मित्राबद्दल. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. महामार्गावर रुंदीकरणाची कामं, डायव्हर्जन, सर्व्हिस रोडचे खड्डे हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त भोगलंय, आणि लांब सस्पेन्शनची गाडी ते गिळते. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० मला मनापासून आवडते. पुढे-मागे २०० मिलिमीटरचं सस्पेन्शन, १७ लिटरची टाकी. पण तिची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, मागची त्याहून वर. तुमच्या उंचीला, दोन बॅगा आणि मागे माणूस असताना, उतारावरच्या चहाच्या टपरीसमोर पाय टेकवताना काळजाचा ठोका चुकेल. चढताना वहिनींना बॅगेवरून पाय टाकावा लागेल तो वेगळाच. तिचं पुढचं २१ इंची चाक खडकाळ वाटेसाठी उत्तम, घाटातल्या पाठोपाठच्या वळणांत मात्र १७ इंची चाकाइतकं चटकन वळत नाही. तुमचा रस्ता शेवटपर्यंत डांबरी आहे. लडाखला निघाला असतात तर मी हीच घ्या म्हटलं असतं.

माझं मत विचाराल तर बजाज डॉमिनार ४०० आधी बघा. चाकणला बनते, सीट ८०० मिलिमीटरवर, ४० पीएस ताकद, ३५ न्यूटनमीटर टॉर्क, १७ इंची चाकं, ट्यूबलेस टायर. २०२१ पासून कंपनी तिला उंच काच, हँडगार्ड, मागे कॅरिअर आणि पाठीला टेकण लावूनच देतेय. ते टेकण माझ्या दृष्टीने तिच्या इंजिनापेक्षा मोलाचं. खोट एकच : १९३ किलो वजन. पल्सरच्या तुलनेत पार्किंगमध्ये मागे ढकलताना जाणवेल, तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवर आधी ढकलून बघा. काच तुमच्या उंचीला जमते का, तेही वर सांगितल्याप्रमाणे तपासा. दुसरी, सुझुकीची जिक्सर एसएफ २५०. फुल फेअरिंग, तरी हँडल फार खाली नाही, अवघी १६१ किलो, घाटात लोण्यासारखी वळते. एकटे जात असतात तर मी तिलाच पहिला नंबर दिला असता. पण टाकी १२ लिटर, टॉर्क २२ च्या आसपास, आणि मागची सीट वहिनींना पसंत पडेल असं मला वाटत नाही. पैशांचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर ४० टक्के झालाय, म्हणून जुने भाव डोक्यात ठेवून जाऊ नका. ऑन-रोड आकडा लेखी घ्या, आणि तुमच्या साडेतीन लाखांतले वीस-पंचवीस हजार दोन चांगली हेल्मेटं, जाकिटं आणि वॉटरप्रूफ बॅगांसाठी बाजूला काढा.

गाडी आल्यावर दोन सवयी लावून घ्या. दर पाचशे किलोमीटरला चेन पुसून ल्युब करा, पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी. आणि एक जादा क्लच केबल जुन्या केबलला समांतर टेपने बांधून ठेवा. आजऱ्याच्या अलीकडे संध्याकाळी केबल तुटली तर टाकी काढत बसावं लागत नाही, दोन टोकं जोडली की दहा मिनिटांत निघता.

टेस्ट राइडला वहिनींना घेऊनच जा, दोघांचीही हेल्मेटं घालून आणि पाठीवर भरलेली बॅग लावून. शोरूमसमोरची दोन मिनिटांची चक्कर नाकारा, अर्धा तास मागा. वारज्याहून बायपासला लागा, कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत जाऊन परत या. येताना नवले पुलाच्या उतारावर जपून, तिथे अवजड गाड्या अंगावर येतात. उतरल्यावर वहिनींना 'आवडली का' असं विचारू नका, त्या हो म्हणतील. 'कुठे दुखलं' असं विचारा. मग पुढे तुम्ही चहा घ्या आणि त्यांना गाडीवर एकट्याच दहा मिनिटं मागच्या सीटवर बसवून ठेवा, मेन स्टँडवर नसेल तर भिंतीला टेकवून. त्या किती वेळा जागा बदलतात ते लांबून मोजा.

पहिली सर्व्हिसिंग बहुतेक गाड्यांना पाचशे ते हजार किलोमीटरला येते. गणपतीला नव्या गाडीवर जायचं असेल तर ती जुलैअखेर हातात हवी, म्हणजे एकदा महाबळेश्वर आणि एकदा ताम्हिणी करून, सर्व्हिसिंग उरकून, सीटची ओळख झाल्यावर आंबोली गाठाल.